म्हशींना वाट ठाऊक होती

"डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. पण ते नाव आत्ताच लावू नका," डॉक्टर म्हणाले. "यांच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. आधी ते भरून काढू, मग बघू."

आबा, म्हणजे माझे वडील, शेजारीच बसले होते. दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललंय असा त्यांचा चेहरा होता. मला नीट आनंदही झाला नाही. महिनाभर रांगांमध्ये बसून मी थकले होते.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पण तुमच्या घरीही असं कुणी असेल, म्हणून लिहिते.

आमच्या चार म्हशी. संध्याकाळी आबा त्यांना दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, आबा पेल्यातच धार काढून द्यायचे. गेल्या वर्षी त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. बोटं बधिर झाली, धार तुटू लागली. मग ते एकाच म्हशीखाली दोनदा बसायला लागले. गिऱ्हाइकं हसायची. "आबा, म्हस दमली की आता," म्हणायची. आम्ही वयावर घातलं, पण आबांचं वय पंचावन्नसुद्धा नाही.

ते वाट विसरलेत हे मात्र आम्हाला कळलंच नाही, कारण म्हशी त्यांना रोज बरोबर घरी आणायच्या. एकदा ते एकटेच पेंड आणायला गेले आणि परतले नाहीत. मी शोधत गेले तर रंकाळा तलावाच्या काठावर बसलेले दिसले. मला म्हणाले, "पावणं, आमची गल्ली कुठं आली?"

मी त्यांची मुलगी. मला पावणं म्हणाले.

तिथून तपासण्या सुरू झाल्या. एमआरआय, म्हणजे मेंदूचे मशीनमधून काढलेले फोटो. मग रक्त. मग आजचा वार कोणता, शंभरातून सात गेले तर किती, असले प्रश्न. आबा उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे आणि मी खाली बघायची. त्याच आठवड्यात माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. ती बुडाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व नसांना आणि मेंदूला लागतं. ते दूध, अंडी, मटण, मासे यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून जवळपास नाही. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. साखरेच्या आजारावरची एक गोळी बरीच वर्षं घेतली तरी ते कमी होतं, आणि आबा तीच घेत होते.

"पण तुमच्या तर म्हशी आहेत. दूध पीत नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

बरोबर आलेली आई पदराचं टोक पिळत म्हणाली, "सोडलंय त्यांनी. दूध, दही, अंडं, मटण, समदं. जोतिबाला नवस बोललेत. पोरगी पदवीधर हुईस्तोवर न्हाय म्हणून."

कोरा चहा पोटाला बरा पडतो, असं आबा मला सांगायचे. मी दहावी झाल्यापासून ते खरं मानत आले होते.

डॉक्टर आबांकडे वळले. आबांनी आईलाच विचारलं, "कुणी सोडलंय?"

इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, नंतर आठवड्याला. घरी आईनं त्यांच्यापुढे दुधाचा पेला ठेवायला सुरुवात केली. ते मुकाट्यानं प्यायचे. मला ते बघवायचं नाही. "आठवत न्हाय तोवर पिऊ देत. देवाला मी सांगीन," आई म्हणायची.

सुधारणा एका दिवसात दिसत नाही, हे आधीच सांगते. कंटाळा येतो. आज नाव आठवतं, उद्या परत जातं. डॉक्टरांनी बजावलं होतं की सगळं परत येईलच असं नाही, आणि प्रत्येकाचं विसरणं जीवनसत्त्वानं बरं होत नाही. म्हणून मनानं गोळ्या घेऊ नका. पण रक्त तपासून घ्या. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आम्ही तेच केलं होतं.

आबांची बोटं अजून बधिर आहेत. धार आता आई काढते. आबा कट्ट्यावर पेले विसळतात आणि गिऱ्हाइकांना नावानं हाक मारतात.

गेल्या आठवड्यात सकाळी आईनं नेहमीसारखा पेला ठेवला. आबांनी तो उचलला, थांबले, आणि हातानं बाजूला सारला.

"ह्ये मला का देतीस? पोरीचा निकाल कुठं लागलाय अजून?"

आई चुलीपाशीच खाली बसली. दूध नको म्हटल्यावर आमच्या घरात इतकं बरं कधीच वाटलं नसेल. आबा माझ्याकडे बघत होते. मग मला सांगावंच लागलं, की परीक्षा बुडाली, आता पुढच्या वर्षी.

आबांनी पेला आणखी लांब सारला. मग दंड चोळत म्हणाले, "बरं. मग तवर सुई चालू ऱ्हाऊ दे."