कमरेतून घेतलेलं हाड

कापसाच्या गाडीवरून पडून आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नडगी मोडली. त्यात पू झाला आणि जळगावच्या डॉक्टरांना सडलेला तुकडा काढून टाकावा लागला. ती पोकळी भरली नाही तर पाय वजन घेणार नव्हता, आणि धुळ्याकडची आमची शेती आबांच्याच पायांवर होती. मी तेव्हा जळगावात बी.एस्सी. करत होतो. घरात इंग्रजी वाचणारा मीच पहिला.

डॉक्टरांनी मुंबईहून एक पाकीट मागवलं होतं. "यात कॅल्शियमचे दाणे आहेत, आणि ते धरून ठेवायला कोलॅजन नावाचं प्रथिन. तुमच्या कमरेच्या हाडातला मगज सुईने काढून यात मिसळू. नाहीतर कमरेचं हाडच कापून घ्यावं लागेल. ती जागा कधी कधी कायमची दुखते."

आबांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "वाच बरं. हाई कशानं बनेल शे?"

दाणे भट्टीत भाजलेले, हाडात असतात तसल्याच क्षारांचे. ते सांगितलं. कोलॅजन गाईच्या कातड्यातलं. विचारलंय तर पूर्ण सांगावं, म्हणून तेही सांगितलं.

"गायनं कातडं?" आबा हसले. "मंग मना पाय हंबरी का रे?"

डॉक्टरही हसले. "आबा, इतकं शुद्ध केल्यावर त्यात गाय कुठली उरते?"

पण आबा माळकरी. हात गळ्यातल्या माळेवर गेला. "नको साहेब. मनंच हाड काढा."

"तू तरी समजाव," डॉक्टर मला म्हणाले. मी काहीतरी पुटपुटलो असेन. आबांना समजावणं मला कधी जमलंच नव्हतं.

पाय जुळला. आबा शेतात चालू लागले. पण मांडी घातली की कमरेत कळ यायची, ती गेली नाही.

बहिणीच्या लग्नात व्याह्यांची पंगत जमिनीवर बसली. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्यांशेजारी बसून जेवायचं असतं. आबा पाण्याचा जग घेऊन फिरत राहिले.

"आबा, बसा ना. रुसले का आमच्यावर?" व्याही म्हणाले.

"जेवा तुम्ही. आज मनी पाळी शे वाढानी."

सगळे उठल्यावर आबा पाण्याच्या पिंपावर ताट ठेवून उभ्यानेच जेवले. मी जवळ गेलो. "आबा, तेव्हा मी ते पाकीट वाचलं नसतं तर..."

"तू वाचं म्हनीसन माले समजनं," ते म्हणाले. अगदी अभिमानाने. मला त्यांच्या ताटाकडे बघवेना.