टाकीची किल्ली
परवा खणात एक बारकी किल्ली सापडली आणि नाकात एकदम पेट्रोलचा वास भरला. कर्जत-खोपोली सवाऱ्या नेणारी माझी जुनी जीप तेव्हा मेहुणा चालवायचा. पेट्रोल काही पुरेना, म्हणून मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. तरी पेट्रोल कमीच! ह्याच्याकडे दुसरी किल्ली असणार, असं मी बायकोलाही बोलून बसलो. एकदा मी आणि मेहुणा जाताना पळसदरीजवळ जीप आचके देत बंद पडली. ढकलत गॅरेजात नेली. टाकीचं कुलूप बघून म्हातारा मिस्त्री हसला. त्याने इंजिनातली ऑइलची पट्टी ओढून माझ्या नाकाशी धरली. ऑइल पातळ, आणि वास पेट्रोलचा. "पेट्रोल कुनी नेत नाय रं, इंजिनाला पेट्रोल देनाऱ्या पंपाचा पडदा फाटलाय. समदं ऑइलात उतरतंय." ऑइल बदललं, नवा पंप बसला, जीप झटक्यात सुरू झाली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मेहुणा हात पुसत एवढंच म्हणाला, "भावजी, आता कुलूप काढाल ना?" परतताना ते कुलूप मी पळसदरीच्या धरणात भिरकावलं, किल्ली खिशातच राहिली. परवा बायकोने विचारलं, "ही कशाची हो?" म्हटलं, "आता कशाचीच नाही."