थरथरलं तरी सोडायचं नाही

आमच्या ह्यांचा उजवा हात कायम ग्रीसने काळा असतो. साबण झाला, राख झाली, लिंबाची साल झाली, तो काही उजळत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा हात तो. जुन्या इमारतींतले लोक ह्यांना 'लिफ्टवाले काका' म्हणतात. कोणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की आमच्याकडे फोन येतो, आणि हे भरलं ताट सोडून मोटरसायकलला किक मारतात. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, ह्यांनी लग्न माझ्याशी केलंय की लिफ्टशी? मग एकदा ह्यांच्याबरोबर गेले आणि दाराच्या फटीतून आत बोलताना ऐकलं, "घाबरू नका, मी आलोय." त्यानंतर कधी तक्रार केली नाही. घरी इतकं मऊ बोलत नाहीत, ते सोडा.

गेल्या वर्षी एका वळणावर बांधकामाची वाळू सांडली होती. कुत्रं आडवं आलं, ह्यांनी ब्रेक दाबला, पुढचं चाक जागच्या जागी जॅम झालं आणि गाडी आडवी. मी मागेच बसले होते. माझं खरचटण्यावर निभावलं, ह्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि गाडी भंगारात गेली. हाड जुळल्यावर हे नव्या गाडीचं बोलायला लागले, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, "चाक जॅम होऊ न देणारं ते एबीएस असेल तरच मी मागे बसेन. नाहीतर तुम्ही आणि तुमची गाडी."

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढीच आमची चैन. लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून आम्ही एकमेकांशी धड बोलतो ते त्या तळ्यावरच. घरात नुसतं 'गॅस संपलाय' आणि 'किल्ली कुठेय'. ते तळं सुटणार या विचाराने जीव तुटत होता. पण मागे बसायचं म्हटलं की मला ते वाळूचं वळणच दिसायचं, त्याला मी काय करू?

ह्यांचं म्हणणं वेगळंच. "अगं, ब्रेक माझ्या बोटांत आहे. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. उगीच जास्तीची वायरिंग कशाला? ती बिघडली की आणखी एक दुखणं. आणि खडीवर एबीएसची गाडी उलट लांब जाऊन थांबते, माहितीये?"

"खडीवर जाऊ दे लांब, पण उभी राहून जाऊ दे!" मी म्हटलं. "आणि तुम्ही लिफ्टखालचा तो ब्रेक का तपासता हो? दोर तुटला तर धरणारा. तुटलाय का कधी दोर?"

"नाही."

"मग काढून टाका ना! लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण!"

दुसऱ्या दिवशी आपणहून 'शोरूमला चल' म्हणाले.

शोरूमच्या मागे मोकळी जागा होती. तिथल्या मिशीवाल्या मेकॅनिकने जमिनीवर वाळू पसरली, पाणी ओतलं आणि एबीएसची गाडी ह्यांच्या हातात दिली. "काका, चाक जॅम व्हायला लागलं की ही ब्रेक जरा सोडते, परत लावते, अगदी भराभर. तुम्ही फक्त दाबून धरा."

हे ऐटीत गेले, वाळूवर ब्रेक दाबला, आणि पुढे जे झालं ते सांगताना मला अजून हसू येतं. गाडी थांबलीच नाही. सरळ जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

"बघ, बिघडलेली गाडी देतात," टायरांतून हे ओरडले. "ब्रेकची लिव्हर थरथर कापत होती!"

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "काका, थरथरणारच ती! तेच तर तिचं काम चाललंय. तुम्ही सोडलीत कशाला?"

कशाला सोडली ते मला कळलं. लिफ्टच्या मशीनखोलीत पहिला धडाच तो, मशीन थरथरलं की आधी हात काढायचा, मेन स्विच बंद करायचा, मग विचार. त्या धड्याने ह्यांची बोटं आजवर शाबूत ठेवली होती. ह्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा हात सुटला. खाली उतरून हे त्या काळ्या हाताकडे बघत राहिले.

"हा हात ऐकणार नाही गं," हळूच म्हणाले. "मग ते एबीएस असून काय उपयोग?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, "एक धडा शिकला ना तो हात? दुसराही शिकेल. घ्या ती गाडी."

घेतली. त्यानंतर रोज सकाळी बाजाराच्या रिकाम्या आवारात आमची शाळा. हे वाळूवर ब्रेक दाबायचे आणि मी कठड्यावर बसून ओरडायचे, "थरथरलं तरी सोडायचं नाही!" भाजीवाल्या हसायच्या. हसू देत. सुरुवातीला दर वेळी हात सुटायचा. मग कधी धरायचे, कधी सुटायचा. शेवटी हात सुटायचा थांबला, मला ओरडायचाच कंटाळा आला, तेव्हा मी मागे बसायला तयार झाले.

परवाच्या रविवारी तळ्यावरून परतताना फोन आला. एका इमारतीत आई आणि तान्हं बाळ लिफ्टमध्ये अडकलेत. घरी सोडायला वेळ नव्हता, मीही सोबत निघाले. उतारावर कोणीतरी गाड्या धूत होतं, साबणाचं पाणी रस्ताभर. आणि उभ्या टेम्पोमागून एक आजी अंड्यांचा ट्रे घेऊन थेट रस्त्यात आल्या.

ह्यांनी ब्रेक दाबला. लिव्हरची थरथर मला ह्यांच्या खांद्यातून कळली. इतके दिवस घसा फोडून ओरडलेली मी, नेमकी तेव्हा गप्प.

ह्यांनी सोडलं नाही. गाडी सरळ रेषेत आली आणि आजींच्या पदराजवळ उभी राहिली. एकही अंडं फुटलं नाही. आजींनी आम्हाला अशा काही शिव्या घातल्या की काय सांगू! मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, घाला आजी, आणखी घाला, तुमचं तोंड असंच चालू राहू दे. त्या मिशीवाल्या मेकॅनिकचे, त्या न दिसणाऱ्या यंत्राचे आणि पिकल्या केसांनी नवा धडा गिरवणाऱ्या माझ्या माणसाचे मी तिथेच उभ्याउभ्या आभार मानले. तोंडाने नाही, रडत.

गाडी बाजूला घेतल्यावर ह्यांचा तो काळा हात थरथरत होता. मी धरला. हे लाजून काढून घ्यायला लागले, रस्त्यात लोक बघतायत म्हणून. मी सोडला नाही.

तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा वाजला, आता थेट लिफ्टमधूनच. ह्यांनी दुसऱ्या हाताने तो कानाला लावला आणि त्या बाळाच्या आईला म्हणाले, "घाबरू नका, मी येतोय. जरा हळू येतोय, पण नक्की येतोय."