न चावणारा किडा

नव्वदच्या दशकात मंठ्याजवळच्या एका कपाशी बीजोत्पादनाच्या शेतात मी दोन किड्यांची तुलना करत होतो. माझ्या प्रबंधाचा तो विषय होता. दोन्ही किडे शिकारी, दोघांचेही पंख आखूड आणि पाठ उघडी. एक शेणखताच्या ढिगात माश्यांच्या अळ्या खाणारा, लांब, काळाभोर. त्याच्या जबड्याच्या धाकाने मी त्याला चिमट्यानेच उचलत असे. दुसरा कपाशीवरचा मावा टिपणारा, मुंगीएवढा, केशरी-काळ्या पट्ट्यांचा. तो चावत नसे. एवढ्यावरून मी त्याला निरुपद्रवी ठरवले होते.

क्रॉसिंगला, म्हणजे हाताने परागीकरण करायला, येणाऱ्या बायकांपैकी एक मावशी नखाने कळी सोलताना सापडलेले केशरी किडे माझ्या बाटलीत टाकत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले होते, हा चावतो का. मी हसून म्हणालो होतो, "काळ्याला जपा, मावशी. हा गरीब आहे."

एका सकाळी पापणीवर आलेला किडा त्यांनी मनगटाने चिरडला, माझ्या देखत. दुसऱ्या दिवशी गालावर भाजल्यासारखे फोड उठले आणि डोळा सुजून मिटला. बायकांनी नागीण ठरवून गेरूचा लेप लावला. त्याच संध्याकाळी संदर्भग्रंथात मला ते वाक्य सापडले: हा किडा चिरडला, की त्याच्या अंगातले विष कातडी जाळते. ते पान मी आधी ओलांडून गेलो होतो. माझी तुलना जबड्यांची होती.

तरी मी दोन दिवस गप्प राहिलो. माझे शेतात येणे बंद होईल, प्रबंध बुडेल, ही भीती होतीच. तिच्याखाली आणखी एक होती, जिला मी आजही नीट शब्द देऊ शकत नाही. लेप ओघळून डोळ्यात उतरत होता, हे मी पाहत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभा राहून सगळे सांगितले. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मंग मला दिसंल का?"

मी म्हणालो, आत्ताच डॉक्टरकडे जाऊ. कळ्या सोलणे हे बारीक नजरेचे काम, आणि त्यांच्या हाताला दुसरे काम नव्हते. जालन्यापर्यंत एसटीत त्या पदराने डोळा झाकून बसल्या. मी शेजारी होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेप धुतला, मला चार शब्द सुनावले, पापणी हलकेच उचलली आणि चांगला डोळा झाकून मला बोटे दाखवायला सांगितली. मी दोन बोटे वर केली. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. इतका वेळ, की मला खाली बघावेसे वाटले.

"दोन," त्या म्हणाल्या. "अन् हात लई कापून राह्यलाय तुमचा."