धडकलं की धडकवलं

बाबा पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकलो तीच ‘जाहीर निषेध’ या मथळ्यावर. त्यामुळे ताईच्या विमानाचं प्रकरण झालं, तेव्हा माझं डोकं एका अक्षरावरून तापलं.

ताई नाशिकबाहेरच्या एका संस्थेत विमान चालवायला शिकत होती. दोन आसनांचं छोटं विमान. त्या दिवशी ती व्यवस्थित उतरली. विमान शेडकडे आणताना तिनं ब्रेक दाबला, तर पेडल सरळ तळाला गेलं. तिनं इंजिन बंद केलं, तरी विमान घरंगळत गेलं आणि पंखाचं टोक शेडच्या खांबावर आदळलं. तिला खरचटलंही नाही. पण चौकशी होईपर्यंत उड्डाण बंद, आणि चूक तिची ठरली तर शिक्षणच बंद.

संध्याकाळी शेजारचे काका गेटातून म्हणाले, "काय रे, ताईनं विमान धडकवलं म्हणे?"

"धडकवलं नाही काका, धडकलं."

"एकच ना ते!"

"एकच कसं? एक ‘व’ घालून तुम्ही तिला गुन्हेगार केलंत!"

मग दूधवाला, इस्त्रीवाला, मावशी, सगळ्यांना मी दुरुस्त करत सुटलो. पुरुषाच्या हातून काही मोडलं की ते आपोआप मोडतं; बाईच्या हातून मोडलं की लगेच कर्ता सापडतो. हे मी पत्रकातच मांडायला बसलो.

"आधी वरणभात खा, मग क्रांती कर," आई म्हणाली.

बाबांनी मसुद्यातली बरीचशी उद्गारचिन्हं खोडली. ताई मात्र वैतागली. "पुढारी, गप्प बस जरा. चाक उघडू दे चौकशीवाल्यांना."

चाक उघडलं. ब्रेकची नळी आतून फुटली होती, तेल सगळं गळून गेलेलं. बिघाड यंत्राचा, ताईची चूक नाही, असा निर्णय आला. माझं पत्रक छापायचं राहूनच गेलं, पण त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

पुन्हा उडायची परवानगी मिळाली त्या दिवशी ताई इतक्या खुशीत घरी आली, की स्कूटी थेट गेटावर घातली. काका झाडांना पाणी घालत होते. मी धावतच गेलो.

"काका, स्कूटी धडकली हं!"

ताई हेल्मेट काढून हसायला लागली. "नाही काका. ही मीच धडकवली."

"म्हणजे आता ‘व’ घालायचा?" काकांनी मला विचारलं.

"घाला," मी म्हणालो.