नारळातली एकादशी

माझ्या बायकोच्या मावशींनी सव्वीस वर्षांत एकही एकादशी चुकवली नव्हती. ती चुकली माझ्यामुळे. या गोष्टीला आता चार-पाच वर्षं झाली, मीही पन्नाशीला टेकलो, आणि आमच्या घरात ती विनोद म्हणून सांगितली जाते. मीही हसतो. माझ्या बाजूने मात्र ती कुणी कधी सांगितलेली नाही, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं तिच्यात फारसं नाही.

मावशी पुण्याच्या. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, ओहायोतल्या डब्लिनला आल्या होत्या. यजमान गेले त्या वर्षी त्यांनी एकादशी धरली, ती टायफॉइडच्या तापातही सोडली नव्हती. तशा त्या फार देवभोळ्या नव्हत्या. एकदा भाजी चिरताना मला म्हणाल्या होत्या, "देवाचं देव जाणे. पण मनाशी ठरवलेली एक तरी गोष्ट मी शेवटपर्यंत पाळली, एवढं मला म्हणता यायला हवं." हे मला ठाऊक होतं. म्हणजे अज्ञानाची सबबही माझ्यापाशी नाही.

सहल माझ्या हौसेची होती. साठच्या दशकात मी इथे शिकायला आलो, तेव्हा माझ्या खोलीतल्या जोडीदाराच्या रेडिओवर दहा वर्षांपूर्वीची रॉक अँड रोलची गाणी लागायची. मला त्यांचं वेड लागलं, आणि चांगल्या घरातल्या मुलाला शोभणार नाही अशा समजुतीने मी ते वेड लपवून ठेवलं. आता इंडियानातल्या एका तळ्याकाठी त्याच जुन्या गाण्यांचा दोन दिवसांचा मेळावा भरणार होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला वाटेतल्या डायनरांची यादी करून दिली आणि खाली लिहिलं, मेळाव्याच्या मैदानाशेजारी एक टिकी बार आहे, तो चुकवू नकोस. घरी मी एवढंच सांगितलं की मावशींना जरा अमेरिका दाखवू या. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात तिने ही एक पद्धत बसवली आहे: मला खोटं बोलू द्यायचं आणि लक्षात ठेवायचं.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो: मी, बायको, मावशी आणि आमची तेरा वर्षांची लेक. स्टेशन वॅगनमध्ये सामान भरताना मैदानात बसायच्या घडीच्या खुर्च्या काही केल्या मावेनात, म्हणून मी एक डबा तात्पुरता गराजच्या फळीवर काढून ठेवला. त्यात राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे आणि खजूर होते. शनिवारी एकादशी होती.

पहिल्या दिवशी सगळं छान झालं. दुपारी यादीतल्या एका डायनरमध्ये जेवलो. रेल्वेच्या डब्यासारखं लांबट, चकचकीत पत्र्याचं हॉटेल. साठीची वेट्रेस मावशींना प्रत्येक वाक्यात 'हनी' म्हणत होती. मावशी खुलल्या. "सासरी चाळीस वर्षं राबले," त्या म्हणाल्या, "मध सोडा, मला कुणी काकवीसुद्धा म्हटलं नाही." मेळावा कसला आहे हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा मात्र त्यांना नवल वाटलं. तीस वर्षांपूर्वीची गाणी आणि लोक त्यांना जुनी म्हणून ऐकायला जातात? त्यांचा पोळ्यांचा तवा तीस वर्षांचा होता आणि त्याला अजून कुणी जुना म्हटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मोटेलमध्ये मावशींनी डबा मागितला. मी गाडीत शोधल्यासारखं केलं आणि म्हणालो, "राहिला वाटतं." आपल्या भाषेत ही एक मोठी सोय आहे. डबा आपला आपणच राहतो, त्याला कुणी ठेवलेलं नसतं. मावशी म्हणाल्या, असू द्या. एक केळं आणि कपभर दूध घेऊन त्या मैदानावर आल्या आणि त्या घडीच्या खुर्चीवर छत्री उघडून बसल्या. त्यांना पाहिलं की मला गराजमधली फळी दिसे.

मैदानावर माझ्याच वयाचे, माझ्याहून मोठं पोट सुटलेले गृहस्थ केसांना तेल चोपडून, कातडी जाकिटं घालून भर ऑगस्टात घामाघूम होत नाचत होते. त्यांच्या बायकांनी पोल्का ठिपक्यांचे घेरदार झगे घातले होते. लेक शरमेने आमच्यापासून पाच हात दूर बसली होती. माझा पाय ठेका धरतोय हे बायकोच्या ध्यानात आलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, मावशीला अमेरिका दिसली. आता तुमचा पाय आवरा."

तीनच्या सुमाराला मावशींचा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून मी सगळ्यांना शेजारच्या टिकी बारमध्ये नेलं. समुद्र तिथून शेकडो मैल लांब, पण आत शिरलं की पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर आल्याची बतावणी: बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर, फुगवलेल्या माशांचे दिवे. दारात लाकडाची, डोळे वटारलेली, माणसाहून उंच मूर्ती होती. मावशींनी चपला काढल्या आणि हात जोडले. कोणता देव, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शोभेचा आहे. "शोभेचा असला तरी रागावलेला दिसतोय," त्या म्हणाल्या आणि चपला हातात घेऊनच आत आल्या.

मेन्यूकार्डावर चित्रं होती. त्यातल्या एका चित्रावर मावशींनी बोट ठेवलं. अख्खा नारळ, त्यात नळी, वर अननसाची फोड आणि कागदाची इवलीशी छत्री. "नारळ आणि अननस," त्या म्हणाल्या. "हे मला चालतं." दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला.

ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीने माझ्याकडे पाहून विचारलं, "रेग्युलर ऑर व्हर्जिन?"

व्हर्जिन म्हणजे बिनदारूचं, हे मला ठाऊक होतं. ऑफिसच्या पार्टीत मी तेच घेतो. पण तिथे मी ते सहकाऱ्यांसमोर म्हणतो. इथे माझ्या एका बाजूला बायकोची मावशी होती, दुसऱ्या बाजूला तेरा वर्षांची लेक. मावशींचं इंग्रजी पुस्तकी होतं, अमेरिकन उच्चार त्यांच्या कानांना निम्मे सापडत नसत. पण हा शब्द माझ्या तोंडून निघाला असता तर तो नेमका सापडला असता, अशी मला खात्री वाटली. रेग्युलर हा मात्र कसा सभ्य, पाठ केलेल्या धड्यासारखा शब्द. मी म्हणालो, "रेग्युलर."

मुलगी वळताच मी उठलो. हात धुवायला जातो असं सांगून काउंटरवर जायचं, तिला हळूच गाठायचं आणि शब्द बदलायचा, असं ठरवलं होतं. वाटेत एक खिडकी होती, मैदानाकडे उघडणारी. तेवढ्यात स्टेजवर एक गाणं सुरू झालं. त्या वसतिगृहाच्या खोलीत, घरची फार आठवण आली की मी ज्याची वाट पाहायचो, तेच. मी एकच कडवं ऐकायला थांबलो. मग दुसरं. गाणं संपल्यावर परतलो तेव्हा नारळ टेबलावर होता आणि मावशींची नळी तळाशी सुरसुर वाजत होती.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आपल्याकडच्या नारळात ही ताकद नाही हो."

बायकोने नारळ नाकाशी नेला. "अहो, काय घातलंय ह्यात?"

"अननस," मी म्हणालो.

पुढच्या अर्ध्या तासात मावशींनी आम्हाला शाळेतल्या इन्स्पेक्टरची नक्कल करून दाखवली. मग त्या लेकीचा हात धरून मैदानावर गेल्या. बँड जोरात होता, लोक नाचत होते. मावशींनी पदर खोचला, लेकीचे दोन्ही हात कैची करून धरले, पाय जुळवले आणि फुगडी सुरू केली. आधी लेक लाजेने अर्धमेली झाली, मग खिदळायला लागली. तेल लावलेले गृहस्थ बाजूला सरकले, गोल धरून टाळ्या वाजवू लागले. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, काका गेल्यापासून मावशीने फुगडी घातलेली मी पाहिली नाही. मंगळागौरीला बोलवायचो, पण ती नुसती बघत बसायची. पाहावत नव्हतं आणि नजरही हलवता येत नव्हती.

संध्याकाळी मावशी मोटेलमध्ये लवकरच गाढ झोपल्या. बर्फाच्या मशीनपाशी मी बायकोला सगळं सांगितलं. तिला नारळ हुंगताच कळलं होतं. ती रागावली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. सकाळी मी मावशींपाशी कबूल करणार, असं मी म्हणालो.

"कशाला?" ती म्हणाली. "तिला माहीत नाही तोवर तिची एकादशी शाबूत आहे. सांगून तुम्हाला हलकं वाटेल. तिचं काय?"

तरी मी सांगितलं, आणि तेही सगळ्यात वाईट वेळ साधून. रविवारी सकाळी आम्ही एका डायनरमध्ये बसलो होतो. द्वादशी, मावशींचं पारणं. त्यांनी पॅनकेक मागवला होता, त्याला त्या धिरडं म्हणत होत्या. ताट आलं. मावशींनी ताटाभोवती पाणी फिरवलं, पहिला तुकडा मोडला, आणि मला वाटलं, आता ह्या उपास पूर्ण झाला असं समजून हा घास खाणार. मी म्हणालो, "मावशी, थांबा. कालच्या नारळात दारू होती."

तुकडा त्यांनी ताटात परत ठेवला. टेबलाखाली बायकोची चप्पल माझ्या नडगीवर बसली.

मी सगळं सांगितलं. डबा, खुर्च्या, खिडकी, गाणं. मावशी शिक्षकी शांतपणाने ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की ती मुलगी नेमकं काय विचारत होती. मी म्हणालो, दोन प्रकार असतात, एक दारूचा, एक बिनदारूचा.

"बिनदारूच्या प्रकाराला काय म्हणतात?"

मी सिरपच्या बाटलीकडे पाहू लागलो.

"व्हर्जिन, मावशीआजी," लेक म्हणाली. "इट्स नॉट अ बिग डील."

"म्हणजे कुमारिका," मावशी म्हणाल्या. "नवरात्रात आम्ही कुमारिकेचे पाय धुतो, तिला जेवायला घालतो. आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला तो शब्द तोंडातून काढवेना? माझी एकादशी मोडलेली चालली, पण शब्द नको?"

मी मान खाली घातली. नापास झालेल्या किती पोरांनी त्यांच्यासमोर अशी मान घातली असेल, असं तेव्हासुद्धा मनात येऊन गेलं. वेट्रेस कॉफी ओतून गेली. मग त्यांनी मला जे विचारलं, त्यासाठी मी तयार नव्हतो.

"मग काल फुगडी घातली ती कुणी? मी की त्या नारळाने?"

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं. एकादशी मी शनिवारीच घालवली होती. सांगून मी फुगडीही काढून घेत होतो.

मावशींनी ताट माझ्याकडे सरकवलं. पारणं अजून झालेलं नाही, त्या म्हणाल्या, म्हणजे उपास अजून सुटलेला नाही. तो आज पुढे चालेल. शास्त्रात बसतं की नाही ते पुण्याला गेल्यावर गुरुजींना विचारता येईल, आणि बसत नसेल तर विचारायचंच नाही. "आणि तुम्हीही धरा," त्या म्हणाल्या. मीही ताट सरकवलं. वेट्रेसला बोलावून त्यांनी दोन उकडलेले बटाटे मागितले, वर काही नको. सकाळी आठ वाजता उकडलेले बटाटे मागणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं असावं. "प्लेन, हनी?" तिने विचारलं. मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "प्लेन. असा सोपा शब्द असला म्हणजे माणसं घाबरत नाहीत."

बटाटे खाऊन आम्ही बाहेर आलो. डायनरसमोर मोकळं डांबर होतं, दोन ट्रक उभे होते. मी गाडीचं दार उघडून धरलं, पण मावशी बसेनात. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि लेकीला म्हणाल्या, "ये गं."

लेकीने इकडेतिकडे पाहिलं. तिथे बँड नव्हता, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, लख्ख ऊन होतं. "हिअर?" ती म्हणाली. पण गेली. दोघींनी हात धरले. पहिल्या दोन गिरक्या अडखळत झाल्या, मावशींची चप्पल निसटली, त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी दुसरी चप्पलही पायाने दूर ढकलली आणि पुन्हा पाय जुळवले. या वेळी जमलं. अडुसष्ट वर्षांची बाई अनवाणी, एका बटाट्यावर, तापू लागलेल्या डांबरावर गरगर फिरत होती. ट्रकमधल्या माणसाने सँडविच खाता खाता मान बाहेर काढली. मी चष्मा दोन्ही हातांत धरून उभा होतो, जणू तो सांडेल.

थांबल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. बायकोने त्यांना धरून गाडीत बसवलं, पाणी दिलं. मी चष्मा पुढे केला. त्यांनी तो सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला.

"मीच होते," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आता चालवा नीट. उपाशी माणसं आहेत गाडीत."