पुस्तक धरणारा

आमच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटेलच असं नव्हतं, आणि अक्षर तर कुणालाच ओळखता येत नव्हतं. वडील कारखान्यात विड्या वळत आणि गावच्या नाटकात राणीचं काम करत. त्यांना संवाद वाचून दाखवी तो कारखान्यातला तपासनीस. प्रयोगात विंगेत पुस्तक धरून सगळ्यांना तोच सांगे. बोलण्याआधी तो जरा थांबे, समोरचा चुकतो का ते पाहत असल्यासारखा. मी पुढे नागपुरात बी.ए. झालो, इतकं स्वच्छ वाचणारा तिथंही भेटला नाही.

एका वर्षी पंचांनी उत्तम नटाचं चांदीचं पदक मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, राजा झालेल्या भाच्याला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात वाद पेटला.

"आवाज काय होता राजाचा!"

"आवाज त्याचा, पन बोल कोनाचे? अर्धं नाटक तं विंगेतूनच आयकू आलं!"

"मंग पंचाईले काऊन नाही आलं?"

"मालगुजाराच्या बाजूले बसून कसं येईन, भाऊ?"

वडील खाली मान घालून विड्या वळत होते. कुणीतरी तपासनिसाला म्हणालं, "तुमी सांगा ना जी."

तो थांबला. मग म्हणाला, "चूक माझी हाय. मी सांगतो म्हून तो उभा राह्यते. पुढच्या साली पुस्तक धरत नाही, कोनासाठीच नाही. पाठ कराचं असन त्यानं माझ्या घरी यावं."

मालगुजारानं बोलावून दरडावलं, तरी तो बधला नाही. वडील रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात. भाचा एकदाही गेला नाही.

पुढच्या वर्षी राजा दुसऱ्याच प्रवेशात अडला. पदक माझ्या वडिलांना मिळालं.